सुनेबरोबर कारखान्याच्या रस्त्यानं

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत सून पुण्याहून गावी आलीय. आज सकाळी बूट घालून म्हणाली, "आई, चला फिरायला. फराळ खाऊन नुसतं बसलं की अंग जड होतं."

मी नाहीच म्हणत होते. हे गेल्यापासून कारखान्याच्या रस्त्यानं मी गेले नव्हते.

हे सहकारी साखर कारखान्यात फिटर होते. एका दुष्काळात ऊसच नव्हता. कारखाना बंद राहिला आणि कामगार घरी बसले. थोड्याच दिवसांत हे कंटाळून म्हणाले, "बसून बसून सांधे गंजायलेत माझे. चल, तूबी चल." मग रोज सकाळी आम्ही कारखान्याच्या फाटकापर्यंत जायचो. एरवी मी यांच्या मागं चालायची. त्या रस्त्यावर पहिल्यांदा बरोबरीनं चालले.

पारावरून यांचे मित्र ओरडायचे, "काय बे, कारखाना बंद हाय अन् जोडीनं कुठं निघालास?"

"मशीन चालू ठेवायलोय!" हे म्हणायचे.

पुढं पाऊस झाला, कारखाना सुरू झाला, तरी आमचं फिरणं सुटलं नाही.

आज सुनेच्या आग्रहानं निघाले खरी, पण फाटकाशी पोचल्यावर मला रडू आलं. सुनेनं पाण्याची बाटली पुढं केली. परत येताना मात्र लई दिवसांनी कडकडून भूक लागली.

परवा ती पुण्याला जाईल. मला फिरणं सोडायचं नाही, पण एकटीनं निघायचं म्हटलं की पाय उचलत नाही. तुमच्यातल्या कोणी एकट्या फिरायला जाता का? पहिल्या दिवशी घरातून कशा निघालात?