मुरायला ठेवलेला मध

ओट्यावरच्या बरणीत मधाच्या पाण्यातून बारीक बुडबुडे वर यायचे. दालचिनी, लवंग घालून मी पहिल्यांदाच घरी मधाची दारू मुरायला ठेवली होती, धाकट्या भावासाठी. गुळाच्या दुकानाच्या वाटण्या झाल्यापासून आम्ही बोलत नव्हतो. चूक त्याचीच, हे मी आजही म्हणतो. तरी दिवाळीला तो येणार होता.

"अहो, सारखं झाकण काय उघडता? ती काय गुळाची ढेप आहे?" बायको करवादायची.

ढेपेत सुरी खुपसून, कण जिभेवर ठेवल्याशिवाय मी कधी भाव केला नाही. त्या सवयीवरच वर आलो. पण काही गोष्टी झाकलेल्या असतानाच मुरतात, आणि तेवढा धीर धरायला मी कधी शिकलोच नाही. रोज चमचा बुडवत राहिलो.

काल बायकोने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "आंबली हो, पार व्हिनेगर झालं. आता लोणच्यात घाला."

संध्याकाळी भावाचा फोन आला. "दादा, काय पाजणार?"

"चहा."

"चालेल. पण कोणाचं चुकलं, ते काढायचं नाही."

पहिल्या बोलीला मी आयुष्यात कधी हो म्हटलं नव्हतं. काल म्हटलं.