आमचा की आपला

गाडी दारात उभी होती आणि बाबा माझ्या बॅगेला सुतळी बांधत होते. बॅगेला चेन होती, नंबरचं कुलूप होतं, तरी सुतळी. "विमानतळावर बॅगा फेकतात," ते म्हणाले. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोन वर्षांची इरा मंदारच्या खांद्यावर झोपली होती. मंदारची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, टोकियोतल्या बँकेत बदली झाली होती आणि मला तिथल्याच एका विद्यापीठात फेलोशिप मिळाली होती. रोमची सत्ता गेल्यावर गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूला, माणसं कशी राहिली हा माझा विषय. बाबा शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. "पुण्याहून रोमला जायचं, तेही जपानमार्गे," ते गाठ आवळत म्हणाले, "याला द्राविडी प्राणायाम म्हणतात." मग गाडीच्या काचेतून डोकं आत घालून म्हणाले, "फेलोशिप संपली की या. आतली खोली तशीच ठेवतो." मी हो म्हटलं. तेव्हा त्यात खोटं काहीच नव्हतं.

जे निघालेत त्यांना पुढचं सांगायला नको. जे तिकडे राहिलेत त्यांना वाटतं, आम्ही एक दिवस बसून ठरवलं की आता परत जायचं नाही. असं कुणी ठरवत नाही हो. फेलोशिप संपली तेव्हा इरा नुकती पहिलीत गेली होती, तिचं वर्ष मध्येच कसं तोडायचं म्हणून थांबलो. मग मंदारचं प्रोजेक्ट लांबलं. मग टोकियोतल्याच ओजिमा भागात, सरकारी इमारतीत जरा ऐसपैस घर मिळालं. मी दोन विद्यापीठांत तासिकेवर शिकवायला लागले. सकाळी ट्रेनमध्ये उभ्याउभ्या डुलकी काढायची, येताना स्टेशनजवळच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, दूध घ्यायचं, उद्या प्लास्टिकचा कचरा की जळणारा ते आठवत जिना चढायचा. मी थकलेय. बाबांनी फोनवर विचारलं की "मजेत" म्हणते, म्हणून इथे एकदा लिहून टाकते.

बाबांच्या पाठ्यपुस्तकात रोम एका सालात पडायचं. मुलं साल पाठ करायची आणि मार्क मिळवायची. माझ्या गॉलमधल्या माणसांना मात्र आपण पडलोय हे बरेच दिवस कळलंच नाही. रोमकडून अधिकारी येईनासे झाले, एवढंच. तटाची डागडुजी, दुष्काळात धान्य वाटणं, पकडून नेलेल्यांना सोडवून आणणं, ही कामं हळूहळू गावच्या बिशपच्या गळ्यात पडली, आणि बिशपही बहुतेक जुन्या रोमन घराण्यातलाच. वर राज्य फ्रँक राजाचं, म्हणजे उत्तरेकडून आलेल्या टोळीवाल्यांचं. त्या राजाने बाप्तिस्मा घेतला आणि तो आणि त्याची प्रजा एकाच देवापुढे उभे राहायला लागले. खरं तर रोमनांना 'राजा' हा शब्द पिढ्यानपिढ्या शिवीसारखा. सम्राट चालेल, राजा नको. आणि त्यांचीच पणतवंडं राजासाठी प्रार्थना म्हणायला लागली, मुलांना फ्रँक नावं ठेवायला लागली. हे नक्की कधी झालं म्हणाल, तर मी इतकी वर्षं तेच शोधतेय.

"हे मराठीत लिही," असा बाबांचा लकडा. "आमच्या मास्तर लोकांना वाचायला मिळू दे." म्हणून एकेक प्रकरण लिहायला घेतलं. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर बाबा ते वाचतात आणि चुका काढतात. चुका काढणं हा त्यांचा स्वभावच आहे. आईने लिहिलेल्या वाणसामानाच्या यादीतही ते ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे, आणि आई म्हणायची, "वाण्याला कळतं हो, तुम्हालाच कळत नाही."

अशाच एका प्रकरणात मी अडकले. राजासाठीच्या प्रार्थनेत लॅटिनमध्ये 'नोस्टर' असा शब्द येतो. त्याचं मराठीत काय करायचं, आमचा राजा की आपला राजा? लॅटिनमध्ये दोन्हींना एकच शब्द. जपानीतही तसंच. माझे प्रोफेसर मोरी-सेन्सेई यांना मी समजावून सांगितलं की "आम्ही जेवायला बसतोय" म्हटलं तर समोरच्याला पान नाही, आणि "आपण बसू या" म्हटलं तर त्याचंही पान मांडलंय. सेन्सेई म्हणाले, "मेधा-सान, मग मराठीत बोलताना फार सांभाळावं लागत असेल." मी म्हटलं, छे, ते कुणी शिकवत नाही, आपोआप येतं.

इराला काही ते आपोआप आलेलं नाही. ती आता दहा वर्षांची आहे. तिचं मराठी माझ्यापुरतं आणि आजोबांपुरतं, त्यातही अर्धी उत्तरं जपानीत. "आजोबा, आम्हाला उन्हाळ्यात सुट्टी कमी असते. तुमच्या इंडियात जास्त ना?" बाबा लगेच मास्तर होतात. "आपल्या म्हण, बाळा. आपल्याकडे." "देमो," इरा म्हणते, म्हणजे 'पण', "मी तिकडे राहत नाही." बाबा तरी दर वेळी न चुकता सांगतात, "आपल्याकडे."

या थंडीत विद्यापीठाने मला कायमची नोकरी देऊ केली. माझ्या विषयाला, माझ्या वयाला असं दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. पुण्यात तर हा विषय शिकवायची जागाच नाही. नोकरी घेतली म्हणजे निवृत्तीपर्यंत इथेच. आणि तिकडे बाबा एकटे, गुडघे दुखतात, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि आतल्या खोलीला त्यांनी नुकताच रंग दिलेला. मला फोनवर भिंती दाखवल्या. "इराला हा पिवळा आवडेल ना?" मी म्हटलं, आवडेल. नोकरीचं तोंडातून निघेना. किती रविवार असेच गेले. मंदार म्हणाला, "तू सांगत नसशील तर मी सांगतो." मी म्हटलं, तू मध्ये पडू नकोस, हे मलाच सांगायला हवं. विद्यापीठाला उत्तर द्यायची वेळ आली तरी मी गप्पच.

त्या रविवारी कॉल लागल्यावर मी आपलं प्रकरणच पुढे केलं. त्यात 'आमचा राजा' लिहिलं होतं.

"आमचा कसा?" बाबा म्हणाले. "प्रार्थनेला उभं कोण आहे?"

"रोमनही आहेत, फ्रँकही आहेत."

"मग बिशप वगळतोय कुणाला?"

"त्याच्या आजोबाला," मी म्हटलं. "आजोबा जुना रोमन, बाबा. राजा म्हणायची त्याला लाज वाटली असती. 'आपला' म्हटलं की त्यालाही त्यात ओढल्यासारखं होतं."

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. "आजोबा तिथे प्रार्थनेला उभा नाहीये, मेधा. नातवाला त्या राज्यात राहायचंय, तिथेच पोरंबाळं वाढवायचीत. 'आपला' लिही. आजोबाचं आजोबा बघून घेईल."

मी खोडून 'आपला' लिहिलं. मग ते म्हणाले, "आमच्याकडे यंदा थंडी बरीच आहे. तुमच्याकडे?"

या माणसाने जन्मात कधी मला 'आमच्याकडे' म्हटलं नव्हतं. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा सगळे नातेवाईक "तुमच्याकडे, आमच्याकडे" करायला लागले होते, बाबा तेव्हाही 'आपल्याकडे'च म्हणायचे. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बाबा, मला इथे कायमची नोकरी मिळतेय. मी घेतेय."

"हो," ते म्हणाले. "परत यायचं तू बोलेनाशी झालीस, तेव्हाच कळलं. म्हणून 'आमच्याकडे' म्हटलं."

नोकरी घेतली. बाबांना सोबत म्हणून आतल्या खोलीत आता कॉलेजात शिकणारी एक मुलगी राहते, तिचंही शुद्धलेखन ते सुधारतात असं ऐकते. ट्रेन तीच आहे, थकवाही आहे तेवढाच. घर कुठे असं कुणी विचारलं तर मी ओजिमा सांगते, अडखळत नाही. पण रविवारी बोलता बोलता पुण्याचा विषय निघाला की माझ्या तोंडून अजून 'आपल्याकडे' निघून जातं. माझ्या लक्षात येतं, बाबांच्याही येतं. ते मला दुरुस्त करत नाहीत.