सासूबाईंचं निघून जाणं

डोकं नसलेल्या माशाला सासूबाई मासा म्हणायला तयार नव्हत्या. मेरीलँडमधल्या आमच्या सुपरमार्केटात मासे मिळायचे ते सोललेले, काटे काढलेले, थर्माकोलच्या ताटलीत प्लॅस्टिकखाली गप्प पडलेले. "याचा डोळा कुठाय? कल्ले कुठायत? मग हा मेला कधी, ते कोण सांगणार?" असं त्या मला विचारायच्या. मी पुण्याची, शाकाहारी. मला डोळा बघूनही काही सांगता आलं नसतं.

त्या अलिबागकडच्या. २००५च्या मे महिन्यात, माझं बाळ महिन्याचं असताना, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. जुलैत माझी रजा संपायला आठवडा उरला आणि जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी जाते आता परत. माझं काय काम इथं?" एवढ्याशा बाळाला पाळणाघरात ठेवायच्या नुसत्या कल्पनेनं मला रडू यायचं. नवरा मात्र अमेरिकेत राहून फारच सभ्य झाला होता. तो म्हणाला, "आई, तुला जसं कम्फर्टेबल वाटेल तसं. सोमवारी एअरलाइनला फोन करून डेट चेंज करतो." मी ताटं उचलायला लागले. राहा म्हणावं, तर बाळाची आया म्हणून ठेवून घेते असं त्यांना वाटेल. आणि ते थोडंफार खरंही होतं.

निदान जाण्याआधी त्यांना डोक्यासकट मासा मिळावा, म्हणून शनिवारी बाळाला नवऱ्याच्या स्वाधीन करून मी त्यांना खाडीच्या धक्क्यावरच्या मासळीबाजारात नेलं. "लवकर जाऊ," त्या म्हणाल्या. "भवानीच्या वेळेला पोचलं की पहिल्या गिऱ्हाइकाला कोळीण परत पाठवत नाही."

मला धास्ती वेगळीच होती. सासूबाई अमेरिकेत कुठंही घासाघीस करायच्या. निम्मी किंमत सांगायच्या आणि समोरचा नाही म्हणाला की निघून जायच्या. निघून जाण्याची त्यांची एक रीत होती. पर्स काखेत, मान जराशी वळलेली आणि पावलं अगदी सावकाश, म्हणजे मागून हाक आली तर ऐकू यावी. अलिबागेत ती येतेच. शेजारच्या यार्ड सेलमध्ये एका इस्त्रीवरून त्या अशाच निघाल्या, तर घरमालकीण हात हलवून म्हणाली, "हॅव अ नाइस डे." तरी सासूबाई कोपऱ्यापर्यंत रेंगाळत गेल्या. "विचित्र देश आहे बाई," त्या म्हणाल्या. "कुणी परत म्हणून बोलावत नाही."

धक्क्यावर वास आला तसा मी नाकाला रुमाल लावला आणि सासूबाईंनी दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. पहिल्याच गाळ्यावर, डोक्याला रंगीत फडकं बांधलेली, त्यांच्याच वयाची एक काळीसावळी बाई बर्फावर मासे मांडत होती. समोर हात लावू नये अशी पाटी होती. सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी थेट कल्ला उचलून आत पाहिलं, पोट दाबलं आणि मराठीत निकाल दिला, "आपल्याकडचा ढोमा मासाच आहे हा. पण कालचा." त्या बाईनं दुसरा मासा उचलला, स्वतः कल्ला उघडला आणि यांच्या नाकासमोर धरला. ती इंग्रजीत, या मराठीत, दोघी एकाच वेळी बोलत होत्या. मी दुभाषी म्हणून उभी होते, पण मला कुणी विचारलंच नाही.

किमतीवर घोडं अडलं. सासूबाईंनी बोटांनी निम्मी दाखवली. बाईनं मान हलवली. सासूबाईंनी पर्स काखेत मारली आणि त्या निघाल्या, सावकाश. झालं, आता हॅव अ नाइस डे, असं मी मनाशी म्हटलं.

"ममा, कम. कम बॅक."

सासूबाई थांबल्या, पण वळल्या नाहीत. पहिल्या हाकेला वळायचं नसतं. दुसरी आली तेव्हा वळल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मलाच भरून आलं.

ती बाई घानाची निघाली, अक्रा शहरातली. तिथल्या समुद्रावरच्या बाजारात तिची आई मासे विकायची. होड्या वाळूला लागायच्या आधीच बायका गुडघाभर पाण्यात शिरून भाव करायच्या म्हणे. "सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर अख्खा दिवस वाया," ती मला म्हणाली. "आणि खरंच जाणारी बाई भरभर जाते." मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. "कळतं तिला," त्या म्हणाल्या. भाव ठरला, पैसे दिले, तरी त्यांनी पिशवीचं तोंड उघडंच धरून ठेवलं. बाईनं कपाळाला आठ्या घालत आणखी एक मासा वर टाकला.

परतताना गाडीत पिशवी पायाशी ठेवून सासूबाई समोर बघत बसल्या होत्या. "सोमवारी तिकिटाचं बघायला सांग हो त्याला," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बॅग काही भरली नाहीये अजून." मग पुढच्या सिग्नलला, "बाळाला तेल तू लाव आता. जोर नको लावूस." मी बाजूला पाहिलं. पर्स काखेत होती. मान जराशी माझ्याकडे वळलेली होती.

आठवडाभर ही बाई आमच्या घरातून सावकाश निघून जात होती, आणि आम्ही दोघं शिकलीसवरलेली माणसं दारात उभी राहून हॅव अ नाइस डे म्हणत होतो.

"आई, जाऊ नका," मी म्हटलं.

त्यांनी मान पुन्हा समोर वळवली.

"राहा ना. मला तुम्ही हव्या आहात."

"गणपतीपर्यंत बघते," त्या म्हणाल्या.

"दसऱ्यापर्यंत."

"घर बंद आहे गं माझं तिकडे." त्यांनी पर्स काखेतून काढून मांडीवर ठेवली. "बरं, दसरा."

मला इतका आनंद झाला की सिग्नल हिरवा झालेला कळलाच नाही. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. पण मनातल्या मनात पिशवीचं तोंड मी उघडंच धरून ठेवलं होतं.

"आणि वर दिवाळी," मी म्हटलं.