चोरीला गेलेलं नाव

मुलीचा फोटो कुणी टेबलावर ठेवला की अक्का आधी तो पालथा करत. मग चष्म्याच्या वरून समोरच्या माणसाकडे बघत म्हणत, "पोरीचा फोटू म्हंजे पोरगीच हाय. तू कोण, कुणाचा, काय करतूस ते सांग आधी. मग बघू दावायचा का न्हाई ते."

बिदरला आमच्या गल्लीत अक्का लग्नं जुळवत. पुढे नवऱ्याचं भांड्यांचं दुकान आणि मागच्या खोलीत अक्कांची बैठक. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. आवाज असा, की दुकानातल्या घागरींमधून घुमत रस्त्यावर येई. समोरच्या माडीवर माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. अशी बाई तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल, जिला मायेचं बोलायचं असलं तरी आधी खेकसावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना त्या जिन्याशीच अडवत. "जेवलीस का? कामून न्हाई? कॉम्प्युटर काय पळून जायलाय का?"

एकदा हैदराबादला नोकरी करणारा एक मुलगा घाईने पालथा फोटो उलटायला गेला. अक्कांनी त्याच्या हातावर चापट मारली.

"पगार सांगितलास, फ्लॅट सांगितलास. दारूचं सांगितलं न्हाईस."

"कधी कधी घेतो, अक्का."

"कधी कधी म्हंजे कवा कवा?"

मुलगा घामाघूम झाला. त्याचं लग्न पुढे अक्कांनीच लावलं, पण आधी त्याच्या आईसमोर त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं.

मुलं पुण्याला, हैदराबादला, बेंगळूरला पांगत गेली, तशी दारात येणारी माणसं विचारायला लागली, "अक्का, तुमचं नेटवर न्हाई का?" अक्कांच्या मुलाने गुलबर्ग्यातला एक वेबसाइटवाला गाठून दिला. गोड बोलणारा, बोटात अंगठ्या, टेबलावर दोन मोबाइल. अक्कांनी त्याला एकच अट घातली. "माझ्या साइटवर फोटू पालथेच पायजेत. मी ज्येला हो म्हणीन त्येलाच दिसले पायजेत."

तो हसला. म्हणाला, "अक्का, बिनघोर राहा. सगळं लॉक आहे."

चार-दोन वर्षं खरंच छान चाललं. हळ्ळीखेडपासून चिंताकीपर्यंत लोक त्या साइटचं नाव विश्वासाने एकमेकांना सांगत. फोनवर ते नाव एकेक अक्षर सुटं करून सांगताना अक्कांचा आवाज चढायचा, पण तो रागाने नव्हे.

मग एका दुपारी हळ्ळीखेडचे एक गृहस्थ आले. हातातली टोपी नुसती चुरगाळत उभे राहिले. अक्कांची साइट उघडून बघा, असा त्यांच्या पुतण्याचा पुण्याहून फोन आला होता. अक्का त्यांना घेऊन माझ्याकडे माडीवर आल्या. मी साइट उघडली.

नाव तेच होतं. आत भलतंच होतं. मैत्रिणी हव्यात का, एकटे आहात का, असल्या घाणेरड्या ओळी, आणि त्यांच्याखाली आमच्या मुली. हळदीकुंकवाच्या साडीतल्या, कॉलेजच्या ओळखपत्रावरच्या, आईने हौसेने स्टुडिओत नेऊन काढलेल्या. प्रत्येकीखाली घरचा फोन नंबर.

अक्कांनी पडद्यावर पंजा ठेवला. "बंद कर."

"मी बंद करून काय होणार, अक्का? ते इथे नाहीये. सगळीकडे दिसतंय."

पंजा त्यांनी काढला नाही. ते गृहस्थ भिंतीकडे तोंड करून उभे होते.

वेबसाइटवाल्याला फोन लावला. त्याला आधीच माहीत होतं. त्याला माहीत होतं, आणि आपलं आपण मिटेल म्हणून तो गप्प बसला होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, की साइटचं नाव त्याने अक्कांच्या नावावर घेतलंच नव्हतं, स्वतःच्या नावावर घेतलं होतं. अक्कांचंच नव्हे, सगळ्या गिऱ्हाइकांचं. सगळी नावं, सगळे फोटो, सगळे नंबर त्याच्या एकाच खात्यात. आणि त्या खात्याचा पासवर्ड काय, तर त्याच्या दुकानाचं नाव. पाटीवर लिहिलेलं. कुणीतरी ते ओळखलं, आत शिरलं, पासवर्ड बदलला आणि सगळं उचलून नेलं.

"हॅक झालं, अक्का," तो म्हणाला. "मोठमोठ्या कंपन्यांचं होतं. माझा काय दोष?"

"एकच कुलूप, एकच किल्ली, आन् तिच्यात आमची समदी घरं? आन् किल्ली कसली, तर भर रस्त्यावर टांगलेली!"

ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबाने खुर्चीतून न उठता सांगितलं, "अम्मा, ह्ये सायबरचं काम बेंगळूरचं. हितं होत न्हाई." आणि वर विचारलं, "पण पोरींचे फोटो नेटवर टाकलेच कामून?"

"तुमच्या घरी चोरी झाली तर घर बांधलंच कामून, आसं इचारू का?"

हवालदार तोंड दाबून हसला. तक्रार मात्र कुणी लिहून घेतली नाही.

मग अक्कांनी जे केलं ते करायला काळीज लागतं. त्या बसने गावोगाव निघाल्या. बाहेरून कळायच्या आधी आपल्या तोंडून सांगायचं म्हणून. मी क्लास मैत्रिणीवर सोपवून त्यांच्याबरोबर जायची. दारात उभं राहून त्या म्हणत, "तुमच्या पोरीचा फोटू माज्याकडून चोरीला गेलाय. वाईट जागी लागलाय. पोरीला बोलू नगा, मला बोला." काहींनी पाणी दिलं. एका घरात सासू-सुना मिळून रडल्या. एका घराने तोंडावर दार लावून घेतलं. अक्का त्या बंद दाराशीही उरलेलं वाक्य पुरं बोलल्या. "फोन आला तर उचलू नगा! नंबर बदला!"

चिंताकीच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. अक्कांनीच ठरवलेलं. शिकलेली, शांत मुलगी, गावातल्या लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायची. आम्ही पोचायच्या आदल्याच दिवशी मुलाकडच्यांनी नकार कळवला होता. तिची आई चुलीपाशी बसून होती आणि चूल विझलेली होती. मुलगी आतून आली आणि म्हणाली, "अक्का, मी काय केलंय?"

अक्का तशाच उठल्या आणि मला घेऊन मुलाच्या घरी गेल्या, औरादला.

"आमचं पोरीबद्दल काई म्हणणं न्हाई," मुलाचा बाप म्हणाला. "पण लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंजे कोण? नावं सांग. मी जाते त्येंच्या घरी."

"तसं न्हाई, अक्का..."

"मग कसं? चोर घरात शिरला तर घरच्या लेकीला शिक्षा? कुठला न्याव हाय ह्यो?" मग त्या मुलाकडे वळल्या. "तू बोल. शिकलेला हायस. बेंगळूरला कॉम्प्युटरवरच बसतूस न्हवं? ही चोरी हाय, ह्ये तुला कळतंय का न्हाई?"

त्याला कळत होतं. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तो फरशीकडे बघत राहिला. त्या घरचं पाणीही न घेता आम्ही बाहेर पडलो.

आता राहिलं साइटचं नाव. नाव नोंदवणारी कंपनी ते परत द्यायला तयार होती. मी इंग्रजीत मेलवर मेल लिहीत होते. पण कागदोपत्री मालक तो वेबसाइटवाला. नाव माझ्याकडून चोरीला गेलं आणि ते मुळात या बाईंचं आहे, असं त्याने सही करून द्यायला हवं होतं. तो देईना. "लेखी दिलं तर उद्या केस माझ्यावरच यायची."

अक्का सकाळच्या गाडीने गुलबर्ग्याला गेल्या आणि त्याच्या ऑफिसात गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. भाकरीचा डबा मांडीवर. आत येणाऱ्या प्रत्येकाला त्या विचारत, "साइट करायलास? नाव कुणाच्या नावावर करणार, इचार ह्येला. पासवर्ड कुणाकडं ऱ्हाणार, इचार. समद्यांना एकच का येगळा, ह्ये बी इचार." डाळीचे व्यापारी, शाळेचे संस्थाचालक, सगळे खरंच विचारायला लागले. कुणी उठून गेले. आठवडा संपायच्या आत त्याने सही केली.

काही महिन्यांनी नाव परत आलं. या वेळी अक्कांच्या स्वतःच्या नावावर, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय कुठे हलणार नाही अशा कुलपात. पासवर्ड टाकताना त्या मला म्हणाल्या, "बाई, तोंड तिकडं कर." मी खिडकीकडे तोंड केलं. एकेका बोटाने, अक्षरं शोधत, त्यांनी बराच वेळ काहीतरी लांबलचक टाकलं. काय ते मला माहीत नाही.

नाव परत आलं. फोटो नाही आले. ते तोवर कुठून कुठे गेले होते, देव जाणे.

चिंताकीच्या मुलीचं लग्न त्याच वर्षी उरकलं. दोन लेकरांचा बाप, बायको वारलेला, वयाने कितीतरी मोठा. आमंत्रण नव्हतं. तरी अक्का गेल्या, मला घेऊन. मांडवात मागे बसल्या. अक्षता पडल्या आणि जेवायला न थांबता आम्ही निघालो, तोच मुलगी मुंडावळ्यांसकट उठून, बायकांमधून वाट काढत आली. पाया पडली. म्हणाली, "अक्का, तुमी जेवून जावा. माझ्या लग्नाचं हाय."

अक्का पंगतीला बसल्या. भात वाढणाऱ्याला, वरण पातळ करणाऱ्याला, कुणालाही काही बोलल्या नाहीत. त्यांना असं मुकाट जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी एकही लग्न जुळवलं नाही. माणसं यायची, त्या दारातूनच परत पाठवायच्या. त्या वेबसाइटवाल्याचं मात्र बरं चाललं आहे. गुलबर्ग्यातच मोठी जागा घेतली आहे म्हणे, आणि ऑनलाइन सुरक्षेवर कॉलेजांत व्याख्यानं देतो. टाळ्या पडत असतील.

लग्नाहून आल्यावर काही दिवसांनी अक्का माडीवर आल्या. धापा टाकत माझ्याशेजारी बसल्या. "त्या नावावर एक पान लिव. मराठीत लिव, कन्नडात बी लिव."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. मग म्हणाल्या, "ह्ये नाव एकदम पैसे भरून जास्तीत जास्त किती वर्सांचं घेता येतंय?"

"दहा."

"दहाचं घे."

पुढच्याच वर्षी त्या गेल्या. मागच्या खोलीत आता दुकानाचा माल असतो. दारापर्यंत स्टीलचे डबे रचलेले असतात, बसायला जागा नाही.

पान अजून उघडतं. फोटो नाही, रंग नाही, नुसती अक्षरं. "ह्या नावावर ज्या मुली दिसल्या, त्यांचे फोटो माझ्याकडून चोरीला गेले. मुलींचा काही दोष नाही. त्यांना काही विचारू नका. विचारायचं असेल त्याने मला येऊन विचारावं. मी घरीच असते." खाली अक्कांचं नाव आणि गल्लीचा पत्ता.

त्या होत्या तोवर एकही माणूस विचारायला आला नाही.