तळ्यावरची ढिली जाळी

टेलरकाकूंना उभ्या आयुष्यात नाही म्हणायला सवड मिळाली नव्हती. कपडे उद्याच हवेत म्हणणाऱ्याला हो, शिवून झाल्यावर कॉलर बदला म्हणणाऱ्यालाही हो. म्हणून की काय, म्हातारपणी त्यांनी नकारांचा सगळा साठा एकदम बाहेर काढला, आणि तो मागच्या अंगणातल्या एका तळ्यापायी.

तळं कसलं, पलंगाएवढा खड्डा आणि त्यात गुडघाभर पाणी. डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा काकूंनी दुकान बंद केलं, तळं खणून घेतलं आणि त्यात नारिंगी मासे सोडले. का, तर ते दिसत. माणसांचे चेहरे धूसर झाले होते, पण पाण्यातलं नारिंगी अजून चोख दिसे. रोज सकाळी खुर्ची टाकून मासे मोजायचे, आणि मोजणी जुळली की डोळे शाबूत आहेत असं समजायचं.

एक दिवस मोजणी जुळेना. काकूंनी पुन्हा मोजलं, डोळे धुऊन मोजलं. मग काठावर माशाची शेपटी हाताला लागली, आणि खोटं कशाला बोला, त्यांना आधी हायसं वाटलं. मासा गेला होता, डोळे नव्हते गेले. राग त्यानंतर आला, आणि आला तो मुक्कामालाच. कुंपणाच्या भिंतीवर एक कानतुट्या बोका जिभल्या चाटत बसला होता.

वासाने मांजर फिरकत नाही म्हणून शेजारणीने संत्र्याच्या साली टाकायला सांगितलं. बोका सालींवरच ऐसपैस बसला. मग काकूंनी जाळी आणली, शेजारणीकडून सुई ओवून घेतली, बोटांनी चाचपत तिची किनार दुमडून शिवली आणि खुंट्या ठोकून तळ्यावर अशी ताणून बसवली की कुठे सुरकुती म्हणून नाही. झोळ पडलेलं काम त्यांच्या हातून कधी बाहेर गेलं नव्हतं. दुपारी येऊन बघतात तर बोका जाळीच्या मधोमध, खाटेवर बसावं तसा, आणि हात जाळीच्या भोकातून पाण्यात. आणखी एक मासा गेला.

"आई, आता बुजवून टाकू," मुलगा म्हणाला. "छान फरशी बसवू. तू घसरून पडलीस म्हणजे?"

"गुडघाभर पाण्यात पडेन. उठेन."

"रविवारी गवंडी आणतो. तोवर एक जरी मासा गेला, तर माझं ऐकायचं."

"आणि नाही गेला, तर तू माझं ऐकायचंस."

मुलगा हसला. आईचं ऐकायची वेळ येईल असं त्याला वाटलंच नाही.

काकू तळ्याशी बसल्या. जाळीवर तळहात दाबून बघितला. पलंगाच्या नाड्यांसारखी ताठ. मग त्यांच्या ध्यानात आलं की बोक्याला बैठक आपणच घालून दिली, तीही नीटनेटकी. सगळी शिवण उसवावी लागणार होती. जिवावर आलं, पण उसवली. काठाने वेताच्या कमानी रोवल्या आणि त्यांवरून जाळी मुद्दाम सैल सोडली, जागोजाग झोळ ठेवून. असलं काम गिऱ्हाइकाला दाखवायची त्यांना लाज वाटली असती.

बोका आला. पाय टाकला, तर पायाखालचं सगळं खचलं आणि नख भोकात अडकलं. त्याने पाय झटकला, दुसऱ्या बाजूने येऊन बघितलं, तिथेही तेच. शेवटी तो पाठ फिरवून निघाला.

"आजवर कुणाला वाईट शिवून दिलं नव्हतं," काकू त्याला म्हणाल्या. "तुझ्यापासून सुरुवात."

रविवारी मुलगा आला. मागे गवंडी, टेम्पोत विटा आणि वाळू. मुलाने स्वतः मासे मोजले. सगळे होते. त्याने पुन्हा मोजले.

"आज आहेत गं," तो वैतागून म्हणाला. "पण अंगणात फरशी होईपर्यंत मी गाडी किती दिवस रस्त्यावर उभी करायची?"

गवंड्याने नजर फिरवली.

"मांजराने निदान भुकेपोटी हात घातला होता," काकू म्हणाल्या.

मुलाची मान खाली गेली. काकूंना वाईट वाटलं, नाही असं नाही, पण म्हणून त्या मागे हटल्या नाहीत.

"आलाच आहात तर कामाला लागा," त्यांनी गवंड्याला सांगितलं. "तळ्याचा काठ उंच करा. बोक्याला वाकून हात घालता येता कामा नये."

गवंडी मुलाकडे बघू लागला.

"त्याच्याकडे काय बघता? हे घर माझ्या शिलाईवर उभं राहिलंय." मग त्या मुलाकडे वळल्या. "आणि तू माझ्या काळजीपोटीच आलास ना? मग विटा उचल."

मुलाने बाह्या वर सारल्या. काकूंनी खुर्ची पुढे ओढली आणि ओळ वाकडी जातेय, सरळ घ्या, असं संध्याकाळपर्यंत दोघांना बजावत राहिल्या. ओळ त्यांना दिसत नव्हती, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.