क्रेनबाईचा उलटा जोर

लॉन्ड्रीत तिला सगळे क्रेन म्हणत. पिळून निघालेल्या चादरींचा गठ्ठा दोघींनी उचलावा एवढा जड. तो ती एकटी उचलून इस्त्रीच्या मशीनपाशी नेई. सव्वीस वर्षं. सुपरवायझर खुर्चीतून म्हणायचा, "शिका जरा क्रेनकडून." तो स्वतः पेनाच्या टोपणापेक्षा जड काही उचलत नसे, आणि ते टोपणही दिवसातून दोनदा हरवायचा.

त्रेपन्नाव्या वर्षी तिचं अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येऊ लागलं. संध्याकाळपर्यंत लिंबाएवढा गोळा हाताला लागे, आडवं पडलं की आत जाई. आठ महिने तिने कोणाला सांगितलं नाही. जुन्या साडीची पट्टी करकचून बांधायची आणि गठ्ठे उचलायचे. याला ती सोसणं म्हणत होती. होता तो निव्वळ मूर्खपणा.

तारेवर वाळणाऱ्या पट्ट्या जावेने पाहिल्या आणि बिंग फुटलं. जावेचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून ती त्या विषयातली मोठी सर्जन झाली होती.

"काढून टाका की पिशवी, जाऊबाई. या वयात तिचं काय लोणचं घालायचंय?"

"आणि मशीनवर कोण उभं राहील? तुम्ही?"

जाऊ खाली बसली. उभं राहण्याचा विषय तिला कधीच आवडत नसे. नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला, "तुझं तू बघ" म्हणाला आणि आवाज पुन्हा वाढवला. झाली त्याची मदत.

अडचण सरळ होती. ऑपरेशननंतर तीन महिने जड उचलायचं नाही, आणि लॉन्ड्रीत महिन्यापलीकडे कोणाची जागा राखून ठेवत नसत. एकदा जागा गेली की या वयात दुसरीकडे तिला कोणी दारात उभं करणार नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, लगेच कापाकापी नको. आतून आधाराला सिलिकॉनची मऊ रिंग बसवू, तीन महिने व्यायाम करा, आणि एकटीने ओझी उचलू नका. पहिली रिंग खोकताच बाहेर आली. दुसरी जरा मोठी होती, ती बसली. चालताना जाणवतही नव्हती. ओझ्याचं बोलणं मात्र तिने दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिलं.

व्यायाम सिस्टरने घाईघाईत सांगितला. "खालच्या स्नायूंवर जोर लावा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा."

जोर कसा लावायचा हे क्रेनला कोणी शिकवावं? तिने दहाच्या जागी पन्नास केले. दात आवळून, श्वास कोंडून. नवव्या दिवशी संडासात रिंग खाली पडली.

तिने ती धुऊन डब्यात घातली आणि डबा सिस्टरच्या टेबलावर आपटला. "घ्या तुमचं सामान. घाम गाळला, उपयोग शून्य."

"करून दाखवा बघू, मावशी."

सिस्टरने हातमोजा चढवून तपासलं. "अहो, ढकलताय काय! बाळंत होताय का?"

"जोर लावा म्हणालात ना?"

"खाली नाही हो, वर! लघवी रोखून धरतो ना, तसं आत ओढायचं. अंग चोरून घ्यायचं."

ती ताडकन उठून बसली. "अंग चोरायचं? सव्वीस वर्षांत मी कधी अंग चोरलं नाही. विचारा कोणालाही!"

"म्हणूनच ते बाहेर आलंय. आणि गठ्ठे असेच उचलत राहिलात तर रिंग काय, मीसुद्धा आत टिकणार नाही."

रिंग पुन्हा बसली. व्यायाम ती नीट शिकली, पण तिला तो कामच वाटेना. घाम नाही, आवाज नाही, बाहेरून काही दिसत नाही. सुपरवायझर जन्मभर हेच करत आला असणार, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ती गठ्ठ्यापाशी नुसती उभी राहिली. "साहेब, दुसरं टोक धरायला कोणीतरी द्या."

"काय गं क्रेन, गंजलीस?"

"गंजले. यापुढे एकटी उचलणार नाही."

बायका खाली बघू लागल्या. सव्वीस वर्षं तिच्या जिवावर मनगटं राखलेल्या या बायका, एकीचा पाय हलेना. इस्त्रीचं मशीन रिकामं फिरत राहिलं.

"घरी बसायचंय का तुला?"

"बसवा. मग रोजचे साठ गठ्ठे कोण नेतं ते मोजा खुर्चीत बसून."

बाहेर गाडी चादरींसाठी हॉर्न वाजवत होती. सुपरवायझर उठला, बाह्या सरसावल्या, दुसरं टोक धरलं. तिसऱ्या गठ्ठ्याला त्याचा शर्ट पाठीला चिकटला. चौथ्याला तो कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकला आणि पलीकडच्या बाईवर ओरडला, "बघत काय बसलीस? धर की!"

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्नायूंना पकड आलीय, रिंग राहू दे, तपासायला येत जा. ऑपरेशनचं नाव निघालं नाही. ती मशीनवरच राहिली. तोवर लॉन्ड्रीच्या भिंतीवर एक छापील कागद लागला होता: गठ्ठा दोघींनी उचलावा. खाली सुपरवायझरची लफ्फेदार सही. अक्कल जणू त्याचीच.