येमिमाबाईंनी धुतलेली गाळणी

येमिमाबाई झिराडकर यांच्या वाट्याला आयुष्यात निवडीचे प्रसंग फारसे आले नाहीत. वर वडिलांनी निवडला, देश पतीने निवडला, इस्रायलमधल्या रामल्याच्या दोन खोल्या सरकारने नेमून दिल्या, आणि रुग्णालयातील नोकरी शेजारणीच्या शब्दाने मिळाली. एकच निवड त्यांच्या हाती आली. ती होती धूळ ओढणाऱ्या यंत्राची. त्या निवडीसाठी त्यांना काय द्यावे लागले, ते थोडक्यात सांगतो.

अलिबागेजवळचे झिराड हे त्यांचे मूळ गाव, बालपण माझगावातले. १९६९ साली पती अबाजी यांच्यासह त्या इस्रायलला आल्या आणि दोन वर्षांत रामल्याजवळच्या एका मोठ्या रुग्णालयात सफाईच्या कामाला लागल्या. अबाजी लवकर गेले, काम राहिले. १९९६ साली रक्ताच्या कर्करोगाचा कक्ष त्यांच्या देखरेखीखाली होता. तेथील रोग्यांच्या देहात प्रतिकाराची शक्ती अशी उरलेलीच नसे. फुलदाणीतले फूलही त्यांच्या खोलीत वर्ज्य, कारण मातीतल्या बुरशीचे अदृश्य बीजही त्यांच्या फुप्फुसात मृत्यू पेरू शके. त्यातच शेजारचा जुना भाग पाडण्याचे काम चालू होते आणि चुन्याची धूळ भिंतींच्या सांध्यांतून झिरपत होती. फरशी पाण्याने पुसता येई. पण गाद्यांच्या शिवणी, पडद्यांच्या पट्ट्या, हवेच्या जाळ्या यांना व्हॅक्यूम क्लीनरच लागे. त्याच्या पोटात एक कागदी पिशवी असे आणि तिच्यामागे घड्याघड्यांची दाट गाळणी, म्हणजे फिल्टर. बुरशीची बीजे अडवणारी खरी राखणदार तीच.

चौथ्या खोलीत येहेझकेल नावाचे गृहस्थ होते. ओफाकिम गावच्या कापड कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. वाडवडील कोकणातले तेली, शनिवार पाळणारे. यंत्राचा आवाज आला की ते डोळे न उघडता म्हणत, “काय गो येमिमा बाय, घाणा जुंपलास? आमच्या आजाचा घाणा शनवारी तरी गप असायचा.”

“त्या घाण्याला धरम होता, याला कंपनी हाय. पाय वर घ्या.”

पलीकडच्या खुर्चीवरून त्यांची पत्नी सुझॅन पुटपुटे, “माझ्याकडे नुसतं पाणी मागतात. मस्करी करायला तेवढी दुसरी बाय लागते.” मग तिघेही हसत. त्या मजल्यावर मराठी बोलणारी एवढीच माणसे होती, आणि बोलणे हेही एक औषधच होते.

पेसाहचा सण आला. जुनी बेने इस्रायल मंडळी, म्हणजे कोकणातले ज्यू, त्याला ‘अनाशी ढाकायचा सण’, आंबवणाचा घडा झाकायचा सण, म्हणत. त्याआधी घरातून आंबलेल्या पिठाचा, पावाचा कणन् कण काढून टाकायचा, ही धर्माज्ञा. रुग्णालयातील धर्माधिकारी सर्व कक्षांतून फिरून सांगून गेला: यंत्रांतल्या पिशव्या फेकून द्या, त्यांत पावाचा चुरा असतो. त्याचे सांगणे तेवढ्यावरच थांबले. येमिमाबाईंची निष्ठा मात्र तेवढ्यावर थांबणारी नव्हती. सणाआधी घराला सफेदी आणि भांड्यांना कल्हई झाल्याशिवाय ज्यांच्या आईने चूल पेटवली नाही, त्यांना पिशवी टाकून गाळणी तशीच ठेवणे म्हणजे उंबरा झाडून माजघर सोडणे वाटले. त्यांनी ती करडी गाळणी मागच्या अंगणात नेली, साबणाच्या कोमट पाण्यात बुडवली, मऊ कुंचल्याने घडी घडी चोळली, उन्हात वाळवली. ती पांढरीशुभ्र निघाली. त्यांना फार समाधान वाटले. ज्या भूमीत नदी, विहीर आणि समुद्र यांच्या सान्निध्यात माणसे वाढतात, तेथे पाण्याने धुतले ते शुद्ध झाले, हे कुणाला शिकवावे लागत नाही. ते श्वासाबरोबर येते. येमिमाबाईंचा प्रमाद अशुचितेतून झाला नाही, शुचितेच्या अतिरेकातून झाला. आणि असा प्रमाद करणाऱ्याच्या हाताला तो घडताना कळत नाही.

सणाच्या पाचव्या दिवशी येहेझकेलना ताप चढला. छातीत बुरशी सापडली. तीन आठवडे ते धापा टाकीत होते आणि मग गेले. संसर्गावर लक्ष ठेवणाऱ्या परिचारिका एदना यांनी चौकशी केली. शेजारच्या पाडकामाकडे बोट गेले, आणि प्रकरण मिटले. सुझॅनबाई येमिमाबाईंच्या गळ्यात पडून म्हणाल्या, “तू त्यांची खोली देवळासारखी ठेवलीस गो.” पुढे दर वर्षी पुण्यतिथीला त्या येमिमाबाईंना ओफाकिमला बोलावीत आणि मलिद्याचे, गोड पोहे आणि फळांच्या प्रसादाचे, ताट नातलगांच्याही आधी त्यांच्यासमोर ठेवीत.

सहा महिन्यांनी यंत्राची तपासणी करायला कारागीर आला. झाकण उघडून तो हसला. “याला आंघोळ कोणी घातली?”

येमिमाबाईंनी विचारले, “का? स्वच्छ नाही?”

“स्वच्छ आहे, पण मेलेला आहे. हा कागदासारखा असतो, भिजला की आतून चाळण होते. जाड धूळ ठेवून घ्यायचा आणि बारीक सगळी खोलीत परत सोडायचा. त्यापेक्षा झाडू बरा.” त्याने नवी गाळणी बसवली, शीळ घालीत निघून गेला. त्या दिवसापासून तीन वर्षे येमिमाबाई कुणाशीच याविषयी बोलल्या नाहीत. मलिद्याचे ताट मात्र समोर येत राहिले आणि त्या ते नाकारू शकल्या नाहीत.

१९९९च्या हिवाळ्यात नवी यंत्रे घ्यायचे ठरले. खरेदी अधिकारी झेएव, परिचारिका एदना आणि सफाईच्या वतीने येमिमाबाई, असे तिघे एका खोलीत बसले. समोर तीन यंत्रे. पहिले इतके गरजले की एदनांनी हातानेच थांबवले. दुसऱ्याची गाळणी नळाखाली धुता येते, असे पत्रकात ठळक छापले होते. तिसऱ्याची गाळणी पत्र्याच्या बंद पेटीत होती. ती उघडता येत नसे, भरली की दिवा लागे, सबंध पेटी फेकून नवी बसवायची, आणि पेटी नीट बसली नसेल तर यंत्र सुरूच होत नसे.

झेएव दुसऱ्यावर प्रसन्न होता. “तिसऱ्याची पेटी परदेशातून यायची. येईपर्यंत यंत्र कोपऱ्यात. आणि येमिमा, हे तर तुझ्यासाठीच बनवलंय! तुमच्या बायका साबणसुद्धा धुऊन ठेवतात.”

“तिसरं घ्या,” येमिमाबाई म्हणाल्या.

“कारण?”

“कारण ते उघडत नाही.”

“हे काय कारण झालं?”

एदना पत्रक वाचीत होत्या. “नीट वाळवली तर धुतलेली चालते, असं लिहिलंय.”

येमिमाबाईंजवळ आता एकच कारण उरले होते. ते उच्चारले तर ओफाकिमला पोहोचणार. गिळले तर दुसरे यंत्र येणार, आणि एखाद्या पेसाहच्या आदल्या दिवशी, घाईत असलेली कुणी भाविक मुलगी ओली गाळणी पुन्हा बसवणार. झेएवने पेनाचे टोपण काढले.

“मी धुतली होती,” त्या म्हणाल्या. “शहाण्णव साली, पेसाहच्या आधी. कर्करोगाच्या कक्षातली. धुवायची नव्हती ती. मला वाटलं, मी पुण्य करतेय.”

एदनांनी पत्रक खाली ठेवले. “चौथ्या खोलीतही तेच यंत्र?”

“तेच.”

“येमिमा,” झेएवचा स्वर खाली आला, “तेव्हा शेजारची भिंत फुटत होती. कुठली धूळ, कोण सांगणार?”

“कोणी नाही सांगणार. पण गाळणी मी धुतली, एवढं मी सांगू शकते. ज्या वस्तूला हात लावता येतो तिला आमच्या बायका हात लावणारच. मी लावला. म्हणून तिसरं घ्या.”

झेएवने कागदावर तिसऱ्यापुढे खूण केली. एदना म्हणाल्या, “मला हे लिहावं लागेल. घरच्यांना कळवावं लागेल.”

“एक दिवस थांबा. पत्राच्या आधी मी जाते.”

दुसऱ्या दिवशी त्या बसने ओफाकिमला गेल्या. पुण्यतिथी नसताना त्यांना दारात पाहून सुझॅनबाई हरखल्या, चहा टाकला, तब्येत विचारली. येमिमाबाईंनी चहाची वाट न पाहताच सगळे सांगितले: अंगण, साबण, ऊन, कारागिराचे हसणे. सुझॅनबाई ऐकत राहिल्या.

“शेवटी त्यांना लई त्रास झाला,” त्या म्हणाल्या. “तू बघितलंस.”

“बघितलं.”

“तेव्हा ठावं होतं तुला?”

“नाय गो. सहा महिन्यांनी कळलं.”

“म्हणजे पयल्या मलिद्याच्या आधी.”

येमिमाबाईंनी होकारार्थी मान हलवली. स्वयंपाकघरात चहा उतू जाऊन जळल्याचा वास आला. दोघींपैकी कुणीही उठले नाही.

“रागवायचं तर कुणावर?” सुझॅनबाई म्हणाल्या. “भिंत पाडणाऱ्यावर रागवून झालं माझं तीन वर्षं. देवावर झालं. आता तुझ्यावर नव्यानं कुठून आणू? पण येमिमा, उद्यापासून त्यांची आठवण आली की तुझा कुंचला आठवेल मला. तेव्हा ते गेले. आज तू चाललीस. बस कधीची?”

“साडेचारची.”

“मग निघ. चुकेल.”

तिसरी यंत्रे पुढच्या पेसाहच्या आधी आली आणि सर्व कक्षांत वाटली गेली. येमिमाबाईंनी कर्करोगाचा कक्ष सोडून धुलाईघरात बदली मागून घेतली आणि निवृत्तीपर्यंत, म्हणजे आणखी पाच वर्षे, तेथे चादरी मोजल्या. नव्या मुली कामाला लागल्या की एदना त्यांना पेटी दाखवून सांगत, ही उघडायची नाही. का, असे कुणी विचारले तर त्या कारण सांगत. नाव कधी घेतले नाही. ओफाकिमचे बोलावणे पुन्हा आले नाही, आणि येमिमाबाईंनी त्याची वाटही पाहिली नाही.